तात्या इटा मागवतात

बबनतात्या प्लास्टिकची वीट आधी चावून बघत.

वीट म्हणजे खेळण्यातली. एकमेकींवर दाबून बसवल्या की घर, गाडी, पूल, काय हवं ते उभं करता येतं, त्या ठोकळ्यांमधली एक. बहुतेक वेळा ती करंगळीच्या नखाहून मोठी नसे आणि हॉलंडहून किंवा जर्मनीहून टपालानं आलेली असे. तात्या पाकीट फाडत, वीट तळहातावर घेत, उन्हाकडे धरून चारी बाजूंनी फिरवत आणि मग डाव्या दाढेखाली घालून हलकेच दाबत. क्षणभर डोळे मिटत. मग निकाल देत. "चांगली हाय." किंवा, "हिला ऊन लागलंय." तिसरा निकाल मी कधी ऐकला नाही.

हे दोन हजार सातच्या सुमाराचं आहे. मी पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. बायको हिंजवडीत एका कंपनीत होती. तिला सोयीचं म्हणून आम्ही नेऱ्यात तात्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. माझं काम संध्याकाळी सुरू होई, त्यामुळे दुपारी चारपर्यंत मी घरी असे. तात्याही घरी असत. गावात त्या वेळेला घरी असणारे पुरुष आम्ही दोघंच असू. बाकीचे एकतर कंपन्यांमध्ये भाड्यानं गाड्या लावत होते किंवा जमिनीचे व्यवहार करत होते.

तात्यांचं वय पासष्टच्या आसपास. अंगात कोपरी, वर बंडी, डोक्याला टोपी, पायात टायरच्या चपला. आयुष्यभर त्यांनी शेती केली, पण गावात त्यांची ओळख शेतकरी म्हणून नव्हती. बैल पारखणारा माणूस म्हणून होती. नेरे, मारुंजी, कासारसाई, कुठल्याही गावच्या माणसाला बैल घ्यायचा असला की तो तात्यांना चाकणच्या बाजारात घेऊन जाई. तात्या बैलाचा जबडा उघडून दात बघत, शेपटी ओढून बघत, मागून चालवून बघत आणि विकणाऱ्याची चौकशी बैलापेक्षा जास्त करत. त्यांनी निवडलेला एकही बैल वाईट निघाला नाही, असं तात्यांचं म्हणणं. दोन निघाले, असं गावाचं म्हणणं. मी दोन्ही बाजू नोंदवतो.

पुढे ट्रॅक्टर आले. मग ज्या जमिनीत ट्रॅक्टर चालवायचे, त्या जमिनी गेल्या. तात्यांनी स्वतःची शेवटची जोडी विकली आणि गोठ्याच्या जागी दोन खोल्या बांधल्या. बाजाराला चला म्हणायला येणारं कुणी उरलं नाही.

आम्ही राहायला जाण्याआधी काही महिने तात्यांच्या पत्नीच्या, हौसाकाकूंच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. बोलणं लवकर परत आलं. पायही सुधारला; किंचित ओढत का होईना, काकू घरभर फिरत. हात मात्र राहिला. उजव्या हाताची बोटं आत वळलेली आणि मूठ उघडायची तर दुसऱ्या हातानं उघडावी लागे. इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला होता आणि तो रोज दाबायला सांगितला होता. काकूंनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या कुत्र्याकडे फेकला. "मी काय पाळण्यातलं प्वार हाय का?" असं त्या म्हणाल्या. कुत्र्यानं चेंडू फाडला आणि विषय संपला.

स्वयंपाक काकू डाव्या हातानं रेटत. पण डाव्या हातानं कुणाला वाढायचं नाही, कुणाला कुंकू लावायचं नाही, कुणाची ओटी भरायची नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की त्यांनी ती कामं सोडूनच दिली. पंगतीत वाढायला उभ्या राहणाऱ्या बाईनं पंगतीला जाणं बंद केलं. बारसं, डोहाळजेवण, हळदीकुंकू, सगळीकडे निरोप एकच जाई: बरं वाटत न्हाई. घरात तात्यांचं ताटही त्या वाढत नसत. भांडी पुढे सरकवत आणि म्हणत, "घ्या तुमचं तुमी." तात्या घेत. पण अर्धपोटी उठत, असं काकूंनीच एकदा माझ्या बायकोला सांगितलं.

विटा घरात आल्या त्या अशा. आमच्या आधी वरच्या मजल्यावर नागपूरकडचं एक कुटुंब होतं. नवऱ्याची जर्मनीला दुसऱ्यांदा बदली झाली तेव्हा त्यांनी एक खोकं मागे ठेवलं आणि तात्यांना सांगितलं, टाकून द्या. तात्यांनी उभ्या आयुष्यात काही टाकून दिलेलं नाही. त्यांनी खोकं उघडलं. आत विटांचा ढीग, चित्रांची एक पुस्तिका आणि झाकणावर पुरा झालेल्या वस्तूचं चित्र: लाल रंगाचं दुमजली अग्निशमन केंद्र, घंटेचा मनोरा, शिडीचा बंब आणि टोप्या घातलेली चार माणसं.

मी वर राहायला गेल्यावर चार-पाच दिवसांत तात्या पुस्तिका घेऊन जिना चढून आले.

"पेपरवाले," ते म्हणाले. मला ते अखेरपर्यंत याच नावानं हाक मारत. "ह्यात काय काय कमी हाय, सांगता का?"

आम्ही ओसरीवर सतरंजी टाकून मोजदाद केली. बऱ्याच विटा गहाळ होत्या. मी म्हटलं, नवीन खोकं मिळत नाही का ते बघू. ते बनवणं कंपनीनं बंद केलं होतं. पण इंटरनेटवर एक बाजार सापडला. तिथे जगभरातले लोक या विटा सुट्या विकत. एक एक. लाल, चार टोकांची, हवी तर एकच घ्या. पांढरी खिडकी, हवी तर एकच घ्या. प्रत्येक विक्रेत्याच्या नावापुढे आधीच्या गिऱ्हाइकांचे शेरे होते.

तात्या माझ्या खुर्चीमागे उभे राहून पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजे बाजार हाय," ते म्हणाले.

"हो."

"आन् हे हेडी." हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी.

"तसंच समजा."

तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि माझ्या पलंगावर मांडी घालून बसले. "लावा पयला."

पहिल्या विक्रेत्याबद्दल एकही तक्रार नव्हती. शेकडो गिऱ्हाइकं, सगळी खूश. मी म्हटलं, हा चांगला. तात्यांनी मान हलवली. "ज्याला कुणीच नावं ठेवत न्हाई, तो मानूस गावात ऱ्हात नसंल. फुडं चला." त्यांना एखाददुसरी तक्रार असलेला विक्रेता हवा असे. मग ती तक्रार मला वाचून दाखवावी लागे आणि करणाऱ्याचंच चुकलं असावं की काय, यावर चर्चा होई. या पद्धतीनं निवडलेल्या पहिल्या विक्रेत्यानं पाठवलेल्या पांढऱ्या विटा हळदीसारख्या पिवळ्या निघाल्या. तात्यांनी त्या चावून बघितल्या. "ऊन लागलंय," ते म्हणाले, "पण इमानी हाय." त्या पिवळ्या विटा केंद्राच्या मागच्या भिंतीला लागल्या.

दुसरा विक्रेता जर्मन होता. मी मागणी नोंदवून पैसे भरले तेवढ्यात तात्यांनी हात धरला.

"पाठवायच्या आधी इचारा त्याला, का इकतोस?"

"तात्या, त्याचं दुकान आहे. विकणं हाच त्याचा धंदा."

"हेडी बी हेच म्हनतो. चांगलं जनावर कोन इकतं का? इचारा, खोड काय हाय?"

मी विचारलं. या तुकड्यात काही दोष आहे का आणि तुम्ही तो का विकत आहात, असं सभ्य इंग्रजीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्या गृहस्थाला वाटलं, मी तक्रार करतोय. त्यानं माफी मागितली होती आणि व्यवहार रद्द करून पैसे परत केले होते. वीट त्यानं अजून पाठवलीही नव्हती.

मी हे तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी काकूंना हाक मारून बाहेर बोलावलं.

"बघ! नुसतं इचारलं, तर पैसं टाकून पळाला. खोड व्हती!"

"इटंला कसली आलीय खोड?" काकू म्हणाल्या.

"पळाला का मग?"

काकू पाय ओढत आत गेल्या.

तात्यांचा माल ज्यांच्याकडून शेवटी नियमित यायला लागला, त्या हॉलंडमधल्या एक बाई. खोडीच्या प्रश्नाला त्यांनी घाबरून पैसे परत केले नाहीत. सविस्तर उत्तर दिलं. विटा मुलांच्या होत्या, मुलं मोठी होऊन गेली, माळा भरला आहे आणि तो रिकामा कर म्हणून नवरा रोज मागे लागतो. मी मराठीत सांगितलं. तात्या विचारात पडले.

"खरं बोलती," ते म्हणाले. "नवरा मागं लागलाय म्हंजे भाव उतरवंल."

"उतरवायला सांगू?"

"नगं. घरात कटकट चाललीय तिच्या. अडल्याल्या मानसाशी घासाघीस करू नये."

तेव्हापासून त्या बाई 'आपली हॉलंडवाली' झाल्या.

तिच्याकडून आलेली वीट बोटभर पारदर्शक पिशवीत असे. तात्या पिशवी जपून ठेवत. ओसरीच्या खांबाला एक खिळा होता, त्याला त्या टोचून ठेवलेल्या असत. काही दिवसांनी त्यांनी त्या सगळ्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, ह्या तिला परत पाठवायच्या. मी कारण विचारलं. तात्यांनी मला शहाणा समजून केलेली चूक लक्षात आल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"जनावर इकत्यात. दावं इकत्यात का?"

बैल विकणारा बैलाच्या गळ्यातलं दावं काढून घेतो. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. दावं गेलं तर दावणीची बरकत जाते. हे मला माहीत नव्हतं. पण पिशव्या हॉलंडला पाठवायचा टपालखर्च किती येईल ते माहीत होतं. मध्यममार्ग म्हणून मी बाईंना लिहिलं की तुमच्या पिशव्या आमच्याकडे आहेत, पाठवू का? त्यांचं उत्तर आलं, ठेवून घ्या, माझ्याकडे खणभर आहेत.

"दावणीला दावी मोप हायेत म्हनती," तात्या म्हणाले. "खानदानी बाई हाय."

पिशव्या खिळ्याला परत गेल्या.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मला साधारण दुसऱ्या आठवड्यात कळलं. चातुर्यानं नव्हे, ओसरीवरचं सगळं वर ऐकू येई म्हणून. दुपारी जेवणं झाली की तात्या सतरंजीवर विटा घेऊन बसत. काकू आतल्या उंबऱ्याशी. पहिल्या दिवसांत संवाद असा चाले:

"आवो, उलटी हाय ती."

"सुलटीच हाय."

"चित्रात बघा की. टोकं वर हायेत."

"दिसंना मला. बोटं जाड हायेत माझी. बसंना."

"द्या हिकडं. येवढा मोठा बाप्या, इट बसवता येईना."

तात्यांची बोटं जाड होती, हे खरं. पण याच बोटांनी ते माझ्या बायकोच्या साखळीचा तुटलेला फासा मी बघत असताना जोडून देत होते आणि चष्मा न लावता माझ्या वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचत होते. या विटांचं असं आहे की त्या एका हातानं बसत नाहीत. एका हातानं खालचं धरावं लागतं, दुसऱ्यानं वरची दाबावी लागते. काकू डाव्या हातानं दाबत आणि उजव्या मनगटानं खालचं धरून ठेवायचा प्रयत्न करत. ते निसटे. मग एके दिवशी मनगटाच्या जागी अंगठा आला.

मी तात्यांना एकटं गाठून विचारलं. "हे काकूंच्या हातासाठी आहे ना?"

तात्या चिडले. "तिचा काय संबंध? बंब माझा हाय." जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले, थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "तिच्याम्होरं बोलू नगा. चेंडूगत कुत्र्याला घालील."

मी बोललो नाही. गावाला अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं. गावाला एवढंच दिसत होतं की टपालवाला दर आठवड्याला परदेशी पाकीट आणतो आणि त्यातून शेंगदाण्याएवढी वस्तू निघते. चौकातल्या चहाच्या टपरीवर हा विषय बरेच दिवस पुरला. तात्यांचा एक पुतण्या होता. नुकतीच जमीन विकून त्यानं मोठी पांढरी गाडी घेतली होती आणि ती तो टपरीसमोर उभी करून काचा पुसत असे. त्यानं एकदा सर्वांदेखत विचारलं, "तात्या, लोकं प्लॉट घेत्यात, तुमी इटा घेताय. बंब कुटवर आला?"

"तुझ्या डोक्यातनं धूर निघाला का आनतो," तात्या म्हणाले आणि चहा संपवून निघाले.

तात्यांना वेड लागलंय, हे गावात ठरलं. तात्यांनी ते खोडून काढण्याचा कोणताही प्रयत्न केला नाही. उलट भर घातली. ओळखीच्या माणसाला रस्त्यात थांबवून ते बंबाच्या शिडीबद्दल सांगत. काकूंना याचा फार संताप येई. "मानसं हसत्यात तुमाला," त्या म्हणत. "लवकर पुरं करा आन् टाका ते माळ्यावर." आणि लवकर पुरं व्हावं म्हणून त्या दुपारी स्वतःच सतरंजीवर येऊन बसायला लागल्या. तात्यांना हेच हवं होतं की नाही, ते त्यांनी मला सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून खिडक्या, दारं आणि कठड्याचे बारीक दांडे मागवले. सगळ्या खोक्यात बसवायला अवघड असतील ते तुकडे.

काम दिवाळीआधी सुरू झालं होतं. हिवाळ्यात भिंती उभ्या राहिल्या. काकूंची तर्जनी आधी सुटली, मग मधलं बोट. करंगळी मात्र शेवटपर्यंत थोडी वाकडीच राहिली. प्रगतीचा उल्लेख कुणी करत नसे. तात्या फक्त विटांबद्दल बोलत. "ही घट बसली," असं म्हणत. काकू म्हणत, "मग? दाबली तर बसनारच."

संक्रांतीनंतरच्या एका शुक्रवारी काकूंनी घरी हळदीकुंकू केलं. गल्लीतल्या बायका आल्या, वरच्या आणि मागच्या खोल्यांतल्या भाडेकरणी आल्या. माझी बायको कंपनीच्या गाडीतून अर्धा दिवस रजा टाकून आली. तिनं सांगितलेलं असं: काकू करंडा घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा बायका वळून बघायला लागल्या. काकूंनी उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं. पहिलीच माझी बायको होती. बोट सरकलं आणि कुंकू कपाळाच्या मध्यापासून डाव्या भुवईपर्यंत ओघळासारखं लागलं. काकू म्हणाल्या, "वाकडं गेलं, पुस." बायकोनं पुसलं नाही. ती तशीच वर आली आणि संध्याकाळी तशीच भाजी आणायला गेली.

तात्या त्या वेळी घरात नव्हते. बायकांचा कार्यक्रम म्हणून बाहेर पारावर बसले होते. मी ऑफिसला जाताना त्यांना दिसलो. "झालं का आत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झालं, काकूंनी सगळ्यांना कुंकू लावलं. तात्यांनी मान डोलावली. "जेवाया वेळ हुईल मग," ते म्हणाले. त्या दिवसापासून काकू त्यांना वाढायला लागल्या. तात्यांचं पोट महिन्याभरात पूर्वपदावर आलं.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. हात सुधारला होता, केंद्र उभं राहत आलं होतं, मनोऱ्यावर घंटा बसली होती. मला वाटलं, आता एक-दोन पाकिटं येतील आणि हे संपेल.

ते संपलं नाही. घंटा बसली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तात्या वर आले आणि म्हणाले, बंबाचं एक चाक सापडत नाही. मागवलं. ते आलं, बसवलं, तर वरच्या मजल्याची पांढरी खिडकी नाही. मागवली. ती आली, तर बंबावरच्या एका माणसाची टोपी नाही. टोपी, मग कठड्याचे दोन दांडे, मग शिडीचा खटका असं एकेक आलं आणि खिडकी पुन्हा गेली.

"तात्या, खिडकी आपण आणली होती."

"आनली व्हती. आता न्हाई."

"जाईल कुठे?"

"उंदरं न्हेत्यात."

"उंदीर प्लास्टिक खात नाहीत."

"खात न्हाईत," तात्या म्हणाले. "पन न्हेत्यात."

उंदीर खिडकी नेऊन काय करतील, हा प्रश्न मी विचारला नाही. खिडकी मागवली. हॉलंडवालीनं सोबत एक हिरवं झाड फुकट पाठवलं आणि लिहिलं, तुमच्या घराला खिडक्या फार लागतात. झाड तात्यांना आवडलं. ते केंद्रासमोर उभं राहिलं. पुढच्या पंधरवड्यात खिडकी तिसऱ्यांदा नाहीशी झाली.

त्यानंतरच्या एका दुपारी तात्या कासारसाईला सोयऱ्यांकडे गेले होते. मी जिना चढत होतो. काकू मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या. बंडी पिळताना त्यांनी दोन्ही हात वापरले. मला बघून म्हणाल्या, "पेपरवाले, जरा थांबा."

त्यांनी आतून चहापत्तीचा रिकामा डबा आणला आणि ओसरीवर उपडा केला. चाक, टोपी, कठड्याचे दोन दांडे, शिडीचा खटका. आणि तीन पांढऱ्या खिडक्या.

"उंदरानं न्हेलेलं," काकू म्हणाल्या.

मी एक खिडकी उचलून बघितली.

"बंडीच्या आतल्या खिशात सापडत्यात. धुन्याला टाकायच्या आधी खिसं बघायची सवय हाय मला, तपकिरीची डबी ऱ्हाती ना त्यांची. पयल्यांदा वाटलं, चुकून ऱ्हायली आसंल. दुसऱ्यांदा कळलं."

"तुम्ही त्यांना बोलला नाहीत?"

"काय बोलू? चोर सापडला म्हनून?" काकू हसल्या आणि खाली बसून एक एक तुकडा डब्यात परत टाकायला लागल्या. उजव्या हातानं. "मला कळत न्हाई व्हय, कशापायी हे सुरू केलं ते? पयल्या दिवशीच कळलं. ह्या मानसाला सुईत दोरा घालाया चष्मा लागत न्हाई आन् म्हनं इट दिसंना. म्या म्हनलं, करत्यात तर करू दे."

"मग हात तर आता बरा झाला. आता कशाला लपवतात?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. शिकलेल्या माणसाला वेळ लागतो, हे त्यांनी मान्य केलं असावं.

"बैल व्हतं तवर ह्यांचा दिस भायेर निघायचा. बाजार, गोठा, लोकांची ये-जा. जेवाया तेवढं घरात. चाळीस वर्सं म्या ह्यांच्याशी उभ्यानंच बोलले, वाढता वाढता. आता बैल न्हाईत, बोलवाया कोन येत न्हाई. पारावर बसावं, तर पारावर बी कोन हाय? जो तो गाडीत." काकूंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "दुपारच्याला हितं बसत्यात माझ्याम्होरं. बोलत कायबी न्हाईत. उलटी, सुलटी, हेच. पन बसत्यात. त्यांना वाटतं, बंब पुरा झाला का म्या म्हनीन, झालं, आता उठा."

"तुम्ही म्हणणार आहात का?"

"म्या कशाला म्हनू?"

झाकण लावून झालेला डबा त्यांनी पुन्हा उघडला. एक खिडकी काढून माझ्या हातात दिली. "हॉलंडचं पाकीट आसंल ना एखादं तुमच्याकडं? त्यात घालून द्या. त्या बाईला तरी सारखा तरास कशाला? आन् उद्याच नगा देऊ. टपालाला जेवढं दिस लागत्यात, तेवढं जाऊ द्या."

मी तेवढे दिवस जाऊ दिले. मग एका जुन्या पाकिटात खिडकी घातली, तोंड चिकटवलं आणि दुपारी खाली गेलो. तात्या ओसरीवर एकटेच बसले होते. समोर केंद्र उभं होतं आणि वरच्या मजल्यावर खिडकीच्या जागी भोक होतं.

तात्यांनी पाकीट फोडलं. खिडकी तळहातावर घेतली. उन्हाकडे धरून चारी बाजूंनी फिरवली. मग पाकीट उचललं आणि त्यावरचा टपालाचा शिक्का बघितला. मी बाहेर रस्त्याकडे बघायला लागलो.

"हॉलंडवालीचीच ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरी हाय का ती?"

"बरी आहे."

तात्यांनी पाकिटाची घडी घातली आणि ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. खिडकी चावून बघितली नाही.

"अगं ए," त्यांनी आत हाक मारली. "आली बघ."

काकू पदराला हात पुसत आल्या आणि त्यांच्या समोर बसल्या. खिडकी घेतली, डाव्या हातानं भिंत धरली आणि उजव्या अंगठ्यानं दाबली. ती आवाज करून बसली. केंद्र पुरं झालं होतं. कुणी उठलं नाही.

"शिडी हलती वाटतं," तात्या म्हणाले.

काकूंनी शिडीला बोट लावून बघितलं. ती घट्ट होती.

"हलती खरी," त्या म्हणाल्या. "उद्या बघू."